गादीवाल्या चाचांचं रडणं

आमच्या रिसोडातून आजवर जेवढ्या मुली सासरी गेल्या, त्यांच्यासाठी त्यांच्या आईबापांनी मिळून जेवढी आसवं गाळली असतील, त्याहून जास्त एकट्या गादीवाल्या चाचांनी गाळली आहेत, हे मी छातीठोकपणे सांगतो. मला तो अधिकार आहे. त्यांचं गाद्यांचं दुकान आणि माझं भांड्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, आणि लग्नघरातला माणूस एका दुकानातून निघाला की दुसऱ्यात शिरतोच. गादी आणि भांडी घेतल्याशिवाय आमच्याकडे लेक वाटेला लावत नाहीत. त्यामुळे तालुक्यात कोणाच्या घरी कार्य निघालं आहे, हे नवरीच्या मामाच्याही आधी आम्हा दोघांना कळतं. फरक एवढाच, की कळल्यावर मी ताटं काढायला लागतो आणि चाचा रडायला लागतात.

ज्यानं चाचांना नुसतं लांबून पाहिलं आहे त्याला हे पटायचं नाही. उंची अशी की दारात उभे राहिले तर दुकानात अंधार होतो. मेंदी लावून लाल केलेली दाढी, पिंजलेल्या कापसाच्या धुळीनं कायमचे तांबारलेले डोळे, आणि आवाज असा की समोरच्या फळवाल्याला हाक मारली तर स्टँडवरचा कंडक्टर घंटी वाजवतो. नवीन बदलून आलेले फौजदार बाजारातून पहिली फेरी मारतात तेव्हा चाचांकडे हमखास वळून पाहतात. एकदा आमच्या गल्लीत दोन हमालांची जुंपली. मध्ये पडावं म्हणून चाचा नुसते उठून उभे राहिले, तर दोघेही भांडण अर्धवट टाकून दोन दिशांना पळाले. चाचा परत येऊन बसले आणि कितीतरी वेळ हळहळत राहिले. "एकाच्या हातात भाकर होती, भाऊ," ते म्हणाले. "बिचारा उपाशीच पयाला." आणि डोळे पुसले. कोणी विचारलंच तर कापूस गेला म्हणून सांगतात, पण चाची म्हणते, एवढा कापूस डोळ्यात जायला लागला तर गादीत काय भरायचं?

किन्हीराजाचा एक शेतकरी मला नेहमी आठवतो. सोयाबीन विकून आला होता, एस्टी गाठायची घाई होती, माणूस वाळलेल्या लाकडासारखा कोरडा. "गादी भरून ठेवा, कापूस चांगला टाका, मी भांडे घेऊन येतो," एवढंच म्हणाला. चाचांनी विचारलं, "लेकीची हाये का?" तो म्हणाला, हो. "कुठं देली?" पुसदला. "पुसदले," चाचा म्हणाले, जणू त्यानं मुलगी समुद्रापार दिली होती. मग त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "झोपताना पोरगी पाय जवय घेते का लांब सोडते? म्हंजे तशी भरतो." तो माणूस उघड्या तोंडानं त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यानं कापसाच्या ढिगाला टेकून विचार केला आणि म्हणाला, "लहान होती तवा माह्या दंडावर डोकं ठेवून झोपे. आता कशी झोपते, मले मालूमच नाही." झालं. चाचांना एवढं पुरे होतं. दोघेही त्या ढिगावर बसून असे रडले की एस्टी आली, उभी राहिली आणि निघून गेली. मग तो माझ्याकडे हंडा घ्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा हलका झाला होता. मी त्याच दिवशी ओळखलं, की ही माणसं चाचांकडे केवळ गादी घ्यायला येत नाहीत. आमच्याकडचा बाप घरी रडू शकत नाही, कारण घरी बायको बघते. मांडवात रडू शकत नाही, कारण तिथं व्याही बघतो. कापसाच्या ढिगावर मात्र कोणी काही म्हणत नाही, कारण तिथं दुकानदारानंच सुरुवात केलेली असते.

आता लोकांच्या लेकींसाठी जो असा रडतो, त्याच्या स्वतःच्या लेकीच्या रुख़सतीला, म्हणजे पाठवणीला, काय झालं असेल? थोरली कारंज्याला दिली. निकाह झाला, जेवणं झाली, मुलगी गाडीत बसली. चाचांनी गाडीचं दार धरलं ते धरलंच. चार जणांनी ओढून पाहिलं. शेवटी कोणीतरी शहाण्यानं म्हटलं, थोडं पुढं न्या, शांत होतील. चाचा गाडीत बसले. मालेगाव गेलं, किन्हीराजा गेलं, चाचा शांत होईनात. मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून तेच रडत होते आणि नवरी बापाला थोपटत होती. शेलूबाजारला हायवेवर गाडी थांबवून नवरदेवानं त्यांना पाणी पाजलं, हाताला धरून उतरवलं आणि रिसोडकडे येणाऱ्या जिपेत बसवून दिलं. कोण्या पाव्हण्यानं ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलं. आम्ही हसलो, पण थोरलीला सासरी ते फार महागात पडलं. भाजीत मीठ जास्त झालं की सासू म्हणायची, "जहेज में बाप को भी लाई थी, उसी से पूछ लेती." ती घरी आली की हे सांगून हसायची. धाकटी मात्र हसत नसे.

धाकटी निराळीच. नर्सिंगचा कोर्स केलेली, फटकळ, बापावर हुकूम चालवणारी. तिचं परभणीला ठरलं त्या दिवशी ती दुकानात आली, मला भिंतीपलीकडून हाक मारली आणि बापासमोर उभं केलं. "काका, तुमी गवाह हा. अब्बा, मेरी रुख़सती में एक आँसू नहीं. मले थोरल्या आपासारखं सासरी ऐकायचं नाही. तुमी रडले त मी गाडीत बसनारच नाही." चाचांनी मान डोलावली. डोलावता डोलावताच त्यांचे डोळे भरले. "हे पाहा, काका!" ती ओरडली आणि पाय आपटत निघून गेली. ती गेल्यावर चाचा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी डॉक्टर आणि ते पेशंट. "भाऊ," ते म्हणाले, "पोरीनं आजलोक काही मांगतलं नाही. ना कपडा, ना मोबाईल. पयल्यांदा मांगतलं, अन् तेच माह्यापाशी नाही."

इथं मी शिरलो. माझी एक श्रद्धा आहे, की मारधाडीचा पिच्चर पाहिल्यानं माणसाचं मन घट्ट होतं. माझी बायको म्हणते, मन नाही, डोकं घट्ट होतं. पण तिचं ऐकून मी आजवर एकही पिच्चर सोडलेला नाही. वाशीमला त्या वेळी जो लागला होता त्याबद्दल ऐकलं होतं, की इतकी कापाकापी आजवर कोणी दाखवली नाही. मी चाचांना म्हटलं, चला. एवढी माणसं मरताना पाहिली की तुमच्या डोळ्यातलं पाणी कायमचं आटेल. दुपारच्या खेळाला गेलो.

पिच्चर म्हणजे निव्वळ खाटीकखाना. गोष्ट काय होती ते मला आजही सांगता येणार नाही. हिरोच्या हातात पहार होती आणि समोर माणसं होती, बस. लग्नात मारामारी, गोदामात मारामारी, एकदा तर चालत्या क्रेनवर मारामारी. मी खुशीत होतो. बाजूला पाहिलं तर चाचांनी खांद्यावरचा रुमाल तोंडावर घेतलेला, आणि रुमालाखालून हुंदके. मी म्हटलं, "चाचा, गुंड मरून राह्यले, तुमी कायले रडता?" तर म्हणाले, "तो पिवया शर्टवाला पाह्यला का? कसा सुंदर इस्त्री करून आला होता. त्याच्या मायनं सकाई डबा देला असन, भाऊ." हिरो जसजसा पुढं जात होता तसतसे चाचा एकेका गुंडाचं घरदार डोळ्यांसमोर आणून त्याला मूठमाती देत होते. माझा इलाज उलटा पडला, हे मी मनातल्या मनात कबूल केलं.

आणि मग तो माणूस आला. मुख्य गुंडाचा म्हातारा बाप. त्या नटाला मी आधी कुठं पाहिल्याचं आठवत नाही. पोस्टरवर त्याचा चेहरासुद्धा नव्हता. हिरोनं त्याच्या मुलाला नुकतंच पहारीनं संपवलेलं, थिएटर नुसतं शिट्ट्यांनी दणाणलेलं, मीही दोन बोटं तोंडात घातलेली. पडद्यावर म्हातारा ओट्यावर बसून लसूण सोलतोय. माणसं येतात, खाली मान घालून सांगतात. म्हातारा थांबत नाही. पाकळी सोलतो, वाटीत टाकतो, दुसरी घेतो. चेहऱ्यावरची एक रेघ हलत नाही. मग नुसतं विचारतो, "छाँव में रखा है ना?" बस, एवढंच. मुलाला सावलीत ठेवलंय ना. माझी शिट्टी तोंडातच राहिली. थिएटरात कोणीतरी खोकलं तेही ऐकू आलं. पुढं त्याचे आणखी दोन-तीन प्रसंग होते, आणि मी सांगतो, बाकीचा सगळा पिच्चर त्या एका माणसानं खांद्यावर उचलून नेला. पहार घेऊन फिरणाऱ्या हिरोला शेवटी त्याच्यासमोर उभं केलं, तर हिरो मोलकरणीनं पुसायचं राहून गेलेल्या कपाटासारखा दिसत होता. माझ्या पुढच्या रांगेतले पोट्टे नाक ओढत होते. मी बाजूला पाहिलं. चाचांनी रुमाल काढला होता. डोळे कोरडे ठाक. सगळं थिएटर रडत होतं आणि आमचे चाचा तेवढे पुढं वाकून, कारागीर दुसऱ्याचं काम पाहतो तसे पाहत होते.

"याले जमलं," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "याले कसं जमलं?" मी म्हटलं, नट आहे, पैसे घेतो. ते ऐकेनात. परत जाऊ म्हणाले. आम्ही परत गेलो, आणि परत गेलो. गेटवरच्या माणसाची चाचांनी ओळख करून घेतली. पहार निघाली की चाचा बाहेर येऊन बाकावर बसायचे, म्हातारा यायची वेळ झाली की गेटवाला दार किलकिलं करून म्हणायचा, "चला चाचा, तुमचा मानूस आला." शेवटी एकदा येताना एस्टीत त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली ती अजून दुखते. "समजलं! त्यानं हाताले काम देलं, भाऊ. हात चालू असले की डोयाले फुरसत नाही भेटत."

मग तालीम सुरू झाली. कोणी बाप गादी घ्यायला आला की चाचा पहिल्यांदा सुईत दोरा ओवायचे आणि मगच विचारायचे, लेक कुठं देली. तो सांगायला लागला की यांचे टाके सुरू. सुरुवातीला भयंकर हाल झाले. डोळे भरलेले असल्यामुळे दिसत नसे. एकदा त्यांनी गिऱ्हाइकाचा खांद्यावरचा शेला गादीत शिवून टाकला. तो उठून चालायला लागला तर गादी त्याच्या मागोमाग निघाली. एकदा स्वतःचाच पायजमा शिवला आणि नमाजाची वेळ झाली तेव्हा चाचीला कात्री घेऊन यावं लागलं. "त्या पिच्चरवाल्याले म्हना, एक दिवस इथं येऊन बस म्हना," चाची मला म्हणाली. पण हळूहळू हात सरळ चालायला लागला. चेहरा त्या म्हाताऱ्यासारखा स्थिर झाला. धाकटी येऊन पाहून गेली आणि मला म्हणाली, "काका, जमते वाटते." तिच्या आवाजात आनंद होता. मीही मिशीवर ताव दिला. शेवटी इलाज माझाच होता.

रुख़सतीच्या दिवशी चाचांनी हाताला काम शोधून ठेवलं होतं. धाकटीची गादी त्यांनी एकट्यानं भरली होती, कोणाला हात लावू दिला नाही, आणि ती टेम्पोवर बांधायची मीच, असं सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. ऊन कलायला लागलं. मामूनं डोक्यावर कुराण धरलं आणि त्याखालून धाकटी हॉलच्या बाहेर आली. पाव्हण्यांनी मोबाईल वर केले. थोरलीच्या वेळचा पिच्चर सगळ्यांना आठवत होता, दुसरा भाग घ्यायला सगळे टपलेले. मी भांड्यांचं खोकं धरून टेम्पोजवळच उभा होतो. चाचा दोर आवळत होते. चेहरा तोच, एक रेघ हलत नव्हती. "अब्बा," ती म्हणाली. "हां बेटा, ये गाँठ हो जाने दे." गाठ मारली. खाली उतरले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाओ बेटा. ख़ुदा हाफ़िज़." आवाजसुद्धा फुटला नाही. धाकटी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. काहीतरी शोधत असल्यासारखी. मग अगदी हळू, मला कसंबसं ऐकू आलं, म्हणाली, "अब्बा, थोड़ा सा तो..." चाचा म्हणाले, "वादा किया था ना तुझसे." आणि वळून पुन्हा टेम्पोवर चढले आणि मारलेलीच गाठ सोडून पुन्हा मारायला लागले. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिचं तोंड मागच्या काचेला होतं. पाव्हणे म्हणाले, वा, चाचा मर्द निघाले! चाची, जिला मी आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं, ती हॉलच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडत होती.

काही दिवसांनी मला परभणीहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून धाकटीनं विचारलं, "काका, मी गेल्यावर त अब्बा रडले असतीन?" मी अभिमानानं सांगितलं, "नाव नको काढू! एक थेंब नाही. तुला दिलेला शब्द पाळला." ती नुसतं म्हणाली, "बरं," आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवला.

तेव्हापासून चाचा रडले नाहीत. कोणासाठीच. सुरुवातीला मला बरं वाटलं. भिंतीपलीकडून हुंदके यायचे बंद झाले, माझा हिशेब चुकेनासा झाला. मग लग्नसराई लागली आणि मला दिसायला लागलं. बाप यायचे, कापसाच्या ढिगावर बसायचे. लेक कुठं दिली ते कोणी न विचारताच सांगायचे आणि थांबायचे. चाचा टाके घालत राहायचे. तो माणूस टोपी काढायचा, पुन्हा घालायचा, घसा साफ करायचा, आणि शेवटी गादी उचलून जायचा. मग माझ्याकडे येऊन हंडा वाजवून बघायचा, घासाघीस करायचा, आणि आला तसाच कोरडा परत जायचा. मला ते पाहवेना. खरं सांगतो, मला चाचांच्या रडण्याची इतकी सवय झाली होती, की आपल्या घरातलं कोणी गाव सोडून गेल्यासारखं वाटत होतं.

सराई सरली. बाजार थंड पडलेला. एके दुपारी मी चहा घेऊन पलीकडे गेलो तर चाचा एक गादी शिवत बसलेले. कोणाची म्हणून विचारलं, तर म्हणाले, कोनाचीच नाही. टाक्यांवर टाके घातलेले. जिथं एक पुरे तिथं तीन. मी चहा पुढं केला, त्यांनी घेतला नाही.

"भाऊ, एक सांग," ते म्हणाले. "तो लसून सोलनारा. त्याचं ते काम झाल्यावर त्याले कोनी त बस म्हनलं असन?"

"हो. डायरेक्टर असते ना. तो कट म्हनते."

"मंग?"

"मंग काय. उठत असन. चहा पेत असन."

"रडतही असन," चाचा म्हणाले. सुई वर गेली, खाली आली. "त्याले बस म्हननारं होतं कोनी. मले कोन म्हनन? हात थांबूनच नाही राह्यले, भाऊ. रात्री झोपलो त बोटं चालू राह्यतात."

मी खाली बसलो, त्यांच्या हातातली सुई काढून घेतली, दोरा तोडला आणि सुई माझ्या खिशात घातली. चाचा आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसले. मग ते प्रचंड खांदे हलायला लागले आणि दाढी भिजायला लागली, आणि तो आवाज आला, स्टँडपर्यंत जाणारा. मी परभणीला फोन लावला. तो नुसताच दोघांच्या मध्ये धरला. पलीकडून धाकटी एकदा "हॅलो" म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. तिला ऐकू गेलं होतं.

"रोओ अब्बा," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज फुटला. "मैं सुन रही हूँ."

मी फोन कापसावर ठेवला आणि हळूच उठून माझ्या दुकानात येऊन बसलो.